एकोणिसाव्या पायरीवरचा उजेड

भाई, मंगळवारी तुमचा चेहरा माझ्या मशीनवर आला.

क्रांती चौकामागच्या आपल्या गल्लीतल्या दुकानदारांनी मिळून श्रद्धांजलीचा बोर्ड लावायचं ठरवलं. फोटो तुमच्या सनाच्या लग्नातला, पांढरी टोपी घातलेला. मी फाइल उघडली आणि हात आपोआप उजेडाच्या पट्टीकडं गेला. पंधरा वर्षांत माझ्या हाताखालून गेलेला एकही चेहरा मी होता तसा सोडलेला नाही. वाढदिवसवाला असो, निवडणुकीला उभा राहिलेला असो, नाहीतर देवाघरी गेलेला असो. आधी चेहरा दोन घरं उजळायचा, मग नाव, मग बाकीचं. मंगळवारी मात्र हात मध्येच थांबला. पट्टी हलेना. मी फोटो होता तसा छापला.

हार्डवेअरवाले काका बोर्ड बघून म्हणाले, "देवा, इलियासभाई लई काळे आले रे."

मी म्हणालो, "काका, ते होतेच तसे."

त्यांना वाटलं, दुःखात आहे, म्हणून तिरसटपणा करतोय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला सहन झाला नाही भाई. कारण हात का थांबला ते मला एकट्याला माहीत होतं.

सना म्हणाली, "देवाभैया, तुम्हीच लिहा. अब्बूंचं कॉमिक, 'तानी उतरते', वाचणाऱ्यांना कळायला पाहिजे, पुढं का काही आलं नाही." मी नववी अर्धी सोडलेला माणूस. बोर्डावर तीन ओळींच्या वर लिहायची वेळ आजवर आली नाही. कॉमेंटसुद्धा कधी टाकली नाही. माझं म्हणणं तुम्हाला तोंडावरच ऐकवायचो. आताही तुम्हालाच सांगतोय. वाचणाऱ्यांनी शेजारी उभं राहून ऐकावं.

तुम्हाला आठवतं, मी पहिल्यांदा दुकानात आलो तो दिवस? तुम्ही बाहेरच्या बाकावर बसला होता. तीस वर्षं या शहराचे बोर्ड तुम्ही ब्रशनं रंगवले, मराठी, उर्दू, इंग्रजी, तिन्ही. मग शेठनं फ्लेक्सची मशीन आणली आणि ती चालवायला गोंदियाकडचा एक एकोणीस वर्षांचा घाबरट पोरगा ठेवला. म्हणजे मी. ज्या मशीननं तुमचा ब्रश घरी बसवला तिच्यापाशी मी उभा, आणि तुम्ही म्हणालात, "कहां का रे तू?"

"गोंदियाकडचा."

"लई लांब आलास की. जेवलास का?"

"जेवून राहिलो ना."

तुम्ही मागंपुढं बघितलं. "कुठं जेवून राहिलास? ताट तर दिसंना." मग आमच्याकडं असंच बोलतात हे कळल्यावर तुम्ही आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, हा पोरगा बिनताटाचा जेवतो. त्या दिवशी तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी माझी झाली. पुढं शेठनं तुम्हाला डिझाइनला बसवलं आणि ती अर्धी भाकरी पंधरा वर्षं माझीच राहिली. तिचे आभार मी कधी मानले नाहीत. तुम्ही मानू दिले नसते हे खरं, पण मी प्रयत्नही केला नाही.

सनानं तिचा जुना टॅब तुम्हाला दिला आणि साठीला आल्यावर तुम्हाला कॉमिकचा नाद लागला. शेठ हसला. मीही हसलो. मग गोष्ट ऐकली आणि पुढं काय ते विचारायला लागलो. एका गावातल्या लोकांच्या सावल्या डोंगराखाली ओढून नेल्या आहेत. तिथं एक गुराखी आहे, त्याचे डोळे तळहातावर, आणि तो त्या सावल्या चरायला नेतो. पाथरवटाची पोर तानी छिन्नी आणि दिवा घेऊन आईची सावली परत आणायला खाली निघते. एकूण चोवीस पायऱ्या. एक पायरी म्हणजे ॲपवर टाकायचा एक भाग. वाचणारा बोटानं पान वर सरकवतो आणि तानी खाली खाली जाते.

ही उतरण तुम्ही कुठून घेतली ते मला माहीत आहे. एका सुट्टीला तुम्ही मला वेरूळला नेलं होतं. सगळे लोक खालून मान वर करून बघत होते. तुम्ही मला बाजूच्या वाटेनं डोंगरावर चढवलं आणि वरून कैलास लेणं दाखवलं. "बघ देवा. यांनी वरनं सुरुवात केली. एकदा काढलेला दगड परत लावता येत नाय. म्हणून आधी डोक्यात सगळं पक्कं पाहिजे, शेवटच्या पायरीपर्यंत." तुम्ही चित्रही तसंच काढायचा. आधी सगळं पान काळं करायचं, मग त्यातून लागेल तेवढाच उजेड खरवडून काढायचा. तानीच्या कपाळावर एक रेघ, दिव्याभोवती एक कडं, छिन्नीचं टोक. बाकी दगड.

आणि मी काय म्हणायचो? "भाई, दिसत नाही."

मशीनवर लांबलचक बोर्ड लागला की अर्धा तास मोकळा मिळायचा. त्या वेळात तुम्ही नवी पायरी माझ्यापुढं धरायचा. माझा पहिला शब्द ठरलेला. आमच्या धंद्यात एकच कसोटी. बोर्ड रस्त्याच्या पलीकडून दिसला पाहिजे. मी टॅब बाकावर उभा करायचो, रस्ता ओलांडून समोरच्या चहावाल्यापाशी उभा राहायचो आणि तिथून हातानं नाही नाही करायचो. तुम्ही ओरडायचा, "अरे ये कॉमिक है, किराणा दुकान नही. मोबाईल हातात धरणारा माणूस रस्त्यापलीकडं कायकू जाईल?"

पण नुसती चूक दाखवायचो असं नाही, हे तुम्ही मान्य कराल. तुमचे घोडे म्हशींसारखे दिसतात हे मीच सांगितलं आणि नवव्या पायरीपासून तुम्ही घोडे बंद केले. चौथ्या पायरीवर ती हातांची भिंत आहे. तिथं गुराखी दोन्ही तळवे उघडतो आणि चारशे बोटांमधून फक्त दोन बुबुळं चमकतात. ते पान बघून मी त्या दिवशी एक बोर्ड उलटा छापला. तुमची अक्षरं तर कुणाच्याच कॉमिकमध्ये नसतील. गुराखी बोलतो ती ओळ उर्दूच्या वळणानं खाली झुकते, तानीचं मराठी ताठ उभं राहतं. अक्षरं बघूनच कोण बोलतंय ते कळतं. मात्र सहा ते आठ या पायऱ्या रेंगाळल्या. तीन भाग ती नुसती पाणी शोधते. मी म्हणालो, "लोक पळून जातील." तुम्ही म्हणालात, "तहान लागली नाय तर पाण्याची किंमत कशी कळंल?" आजही मला वाटतं, दोन भागांत तहान लागली असती. हा वाद मी सोडलेला नाही. मेलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात. पण तुम्हाला नुसती स्तुती ऐकवली असती तर म्हणाला असता, देवाला ताप आलाय.

आता एकोणिसावी पायरी.

तुम्हाला बहिणीकडं सिल्लोडला लग्नाला जायचं होतं. चित्राचे तुकडे करून ॲपवर टाकायचं काम तसंही माझंच असायचं, कारण ॲपमधले बारीक पर्याय तुम्हाला वाचता येत नसत. जाताना म्हणालात, "देवा, टाकून दे. बघू नको जास्त, नजर लागंल." दुपारी मी फाइल उघडली. नेहमीसारखं काळं पान. तानी जिन्याच्या वळणावर बसलेली, मागं काहीच नाही.

मी उजेडाची पट्टी सरकवली. सवयीनं सरकवली असं मी आजपर्यंत स्वतःला सांगत आलो. पण इथं खोटं लिहायचं नाही. किती महिने मी "दिसत नाही" म्हणत होतो आणि तुम्ही ऐकत नव्हता. तुम्ही गावाला गेलेले. मला दाखवून द्यायचं होतं.

दोन घरं सरकवली आणि तानीच्या मागं एक बाई उभी राहिली.

काळ्यावर काळ्यानं काढलेली. डोक्यावर पदर. पायात काही नाही, चपला हातात.

भाई, तुम्हाला मी एकदाच सांगितलं होतं. सोळाव्या वर्षी घर सोडलं तेव्हा आई एसटी स्टँडपर्यंत माझ्या मागं चालत आली. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून चपला हातात घेऊन. पूर्ण वाटेत बोलली नाही. मी मागं वळून बघितलं नाही, वळलो असतो तर गेलो नसतो. तुम्ही तेव्हा "हं" म्हणालात आणि चहा मागवलात. मला वाटलं, तुम्ही विसरलात.

म्हणजे तानी जिला शोधत खाली चालली होती ती पहिल्या पायरीपासून तिच्या मागंच होती. शेवटच्या पायरीवर तानी दिवा घेऊन वळणार, आणि वाचणारा पान उलटं सरकवत वर जाणार, प्रत्येक पायरीवर तिला शोधत. तुम्ही वरून खाली सगळं डोक्यात पक्कं केलं होतं. मला हे तिथंच, त्या खुर्चीवर कळलं. पट्टी मागं घ्यायला एक बोट लागलं असतं.

मी किती वेळ बघत होतो सांगता येत नाही. मशीनवरचा बोर्ड संपून मशीन थांबली होती. मला वाटलं, आता आली आहे तर राहू दे. एवढंच वाटलं. आणि मी ती तशीच टाकली.

संध्याकाळपर्यंत कॉमेंट सुरू झाल्या. "चित्र एकदम भारी झालंय या वेळी." "मागं कोण आहे?" "आई आहे तिची!" मग लोक ब्राइटनेस वाढवून उलटे वर चढले आणि अठरा, सतरा, सोळा, थेट पहिल्या पायरीपर्यंत त्यांनी ती शोधून काढली. तुम्ही चोविसाव्या पायरीसाठी राखून ठेवलेलं सगळं माझ्या दोन घरांनी पाच पायऱ्या आधी उघडं केलं.

तुम्ही परत आलात तेव्हा सनानं कॉमेंट वाचून दाखवल्या होत्या. टाकलेली पायरी तुम्ही स्वतः कधीच उघडून बघत नव्हता. जुन्या पेंटर लोकांचा तो नेम, टांगलेल्या बोर्डाकडं रंगवणाऱ्यानं वर बघायचं नाही. बघितलं तर चूकच दिसते, आणि शिडी तर गेलेली असते. तुमचा तो नेम मला माहीत होता. त्या नेमाच्या आडोशाला मी लपलो.

तुम्ही बाकावर बसलात आणि विचारलंत, "देवा, तुला ती दिसली होती का? आधीच्या पायऱ्यांत?"

"दिसली होती भाई. थोडी."

ती मला एकदाही दिसली नव्हती. इतकं चांगलं लपवलं होतं तुम्ही.

"मग माझंच चुकलं," तुम्ही म्हणालात. "डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काळं कळंना मला. हात उघडा पडला." आणि तुम्ही आपला उजवा हात उलटसुलट करून बघितलात, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

तेव्हा सांगायला हवं होतं. त्यानंतर रोज सांगायला हवं होतं. रोज सकाळी शटर उघडताना ठरवायचो, चहाच्या वेळी सांगू. चहाच्या वेळी तुम्ही काहीतरी हसायचं बोलायचा आणि मी उद्यावर टाकायचो. मला भीती काय होती? तुम्ही बोलणं टाकाल ही. या शहरात माझ्याशी कामाशिवाय बोलणारं माणूस एकच होतं.

मग तुम्ही गोष्ट फिरवलीत. बाविसाव्या पायरीवर मागची सावली आई नाही, आईचं सोंग घेतलेला गुराखीच आहे असं निघालं. तेविसाव्या पायरीवर तानीनं तिच्यावर छिन्नी उगारली. मी ते पान बघितलं आणि पहिल्यांदा रस्त्यापलीकडं गेलो नाही.

"हे पटत नाही भाई. बावीस पायऱ्या जी अनवाणी मागं चालली ती वैरी कशी निघंल?"

"लोकांनी ओळखलं ना रे. ओळखलेलंच दाखवू?"

"दाखवा की. ओळखलं तर ओळखलं."

"तू बोर्डवाला. तुला सगळं आधी दिसलेलंच पाहिजे." मग तुम्ही टॅब बंद केलात. "तुझीच आई घेतली होती रे मी. मला काय हौस आहे तिच्यावर छिन्नी उगारायची?"

मी काय म्हणालो? "बघा तुमचं." आणि मशीनकडं वळलो.

हे आपलं शेवटचं बोलणं नव्हतं. नंतर, तुम्ही जाईपर्यंत, अकरा दिवस आपण भाकरी खाल्ली, घोड्यांवरून हसलो. पण गोष्टीबद्दलचं शेवटचं बोलणं तेच. चोविसावी पायरी तुम्ही काढलीच नाही. बसायचा, पान काळं करायचा आणि तसंच बंद करायचा. मला वाटायचं, तुम्ही थकलात. आता वाटतं, तुम्ही त्या छिन्नीखाली अडकला होता. तिथून तुम्हाला बाहेर काढायला माझं एक वाक्य पुरलं असतं.

परवा सना दुकानात आली. "अब्बूंच्या वहीत शेवट आहे, पेन्सिलीत. पण तेविसाव्याशी जुळत नाही. कुठला खरा समजू?" तेव्हा सांगावंच लागलं. सगळं सांगितलं. पट्टी, दोन घरं, "थोडी दिसली होती" सुद्धा. ती बाकावर, तुमच्याच जागी बसली होती.

मग म्हणाली, "तुम्ही सांगितलं असतं ना, तर अब्बू दोन दिवस बोलले नसते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच चहा मागवला असता."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस, भाई. दोन दिवसांच्या भीतीपायी मी तुमच्याकडून तुमचा शेवट काढून घेतला, आणि तुमचा हातावरचा भरवसाही. तुमच्या हाताला काही झालं नव्हतं. हे मी आता लिहितोय, जिथं तुम्ही वर बघणार नाही तिथं.

सनानं ठरवलं ते असं. एकोणिसावी पायरी तुमच्या मूळ फाइलमधून परत टाकायची, मी बोटसुद्धा न लावता. बावीस आणि तेवीस काढून टाकायच्या. त्यांच्या जागी वहीची पानं, पेन्सिलीत आहेत तशी. आणि खाली हे लिहिणं. ज्यांना एकोणिसाव्या पायरीचं चित्र आवडलं होतं त्यांनी माफ करावं, ते भाईंचं नव्हतं. भाईंचं आता आलं आहे. दिसणार नाही. मोबाईल जवळ घ्या.

वही मी दुकानात बसून बघितली. शेवटचं पान चार चौकटींचं आहे. पहिलीत तानीची पाठ. दुसरीत ती दिवा उचलते. तिसरीत ती वळते, तिचा चेहरा समोर, आणि तो इतका नीट काढलाय की त्या पेन्सिलीतसुद्धा ती काय बघतेय ते कळतं. चौथी चौकट मोकळी. तिच्यात तुमच्या त्या ताठ अक्षरात लिहिलंय, "इथं सगळं काळं. फक्त चपला." आणि खाली बारीक, घाईत, "जास्त काळं होतंय का? देवाला विचारायचं."

पंधरा वर्षांत मला कुणी काही विचारायचं राखून ठेवलेलं नव्हतं.

त्या रात्री गोंदियाला फोन लावला. आईला म्हणालो, तुझं चित्र काढलंय एका माणसानं. ती म्हणाली, "माझं कायले? चांगलं आलं का?" मी म्हणालो, बघून राहिलो.

चौथी चौकट मी भरलेली नाही. मोकळीच टाकतोय, तुमच्या अक्षरांसकट. पण तुम्ही विचारलंय आणि मी नेहमीसारखा रस्त्याच्या पलीकडं जाऊन आलोय. वही बाकावर उभी केली, चहावाल्यापाशी उभा राहिलो, बघितलं. तिथून वही कुठली आणि बाक कुठला तेसुद्धा कळत नव्हतं.

होत नाही भाई. जास्त काळं होत नाही. भरा.